शाळेतले उंदीर-झुरळे आणि अहिंसेचा प्रश्न

शाळेच्या इमारतीत मुलांबरोबर आणखी बरेच जीव राहतात. पोषण आहाराच्या तांदळात टोके, स्वयंपाकाच्या खोलीत झुरळे, जुन्या हजेरीपटांच्या कपाटात कसर, खिडकीच्या चौकटीत वाळवी, कौलांखाली उंदीर, टाकीत डासांच्या अळ्या. एखाद्या वर्षी वरच्या मजल्याच्या सज्जाला आग्या मोहोळही लटकते. यांतले काही नुसते त्रासदायक, काही खरोखर घातक. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. झुरळांची विष्ठा आणि वाळलेल्या अंगांचा भुगा हवेत मिसळून दमेकरी मुलांचा त्रास वाढवतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका शाळेच्या वेळात. तेव्हा बंदोबस्त करावा की करू नये, हा वाद फारसा उरत नाही. बंदोबस्तात होणारी हत्या कोणत्या अर्थाने हिंसा ठरते, ती नेमकी कधी घडते आणि तिचा धनी कोण, हे प्रश्न मात्र उरतात. भारतीय धर्मपरंपरांनी त्यांवर केलेला विचार घरगृहस्थीच्या संदर्भात आहे, पण तो शाळेलाही लागू पडतो.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा किंवा जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजच्या वापरात या पाचही ठिकाणी बारीक जीव मरतात, आणि त्याचा दोष गृहस्थाला लागतो. या विचारातला प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा आहे. केरसुणी टाकून द्या, असे स्मृती सांगत नाही. पण केर काढणे हे पुण्यकर्म असल्यामुळे त्यात मेलेल्या मुंग्यांचा हिशेब नाही, असेही ती म्हणत नाही. काम आवश्यक आणि तरीही सदोष. त्यावर उपाय म्हणून पंचमहायज्ञ नेमले आहेत आणि त्यांतल्या भूतयज्ञात कृमिकीटकांसाठीही अन्नाचा वाटा ठेवला आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात ही पाचही स्थाने थोड्या बदललेल्या रूपात आहेतच.

या प्रश्नाची सर्वांत बारीक चिरफाड जैन आचार्यांनी केली. त्यांनी जिवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून लावली: अळ्या-कृमी द्वींद्रिय, मुंगी-ढेकूण त्रींद्रिय, माशी-डास-विंचू चतुरिंद्रिय आणि उंदीर माणसासारखाच पंचेंद्रिय. इंद्रिये जितकी अधिक, तितका हत्येचा दोष भारी. हिंसेचेही चार प्रकार मानले आहेत: ठरवून केलेली संकल्पी, घरकामातली आरंभी, पोटापाण्याच्या उद्योगातली उद्योगी आणि स्वसंरक्षणातली विरोधी. साधूने चारही सोडायच्या. गृहस्थाने संकल्पी पूर्णपणे सोडायची आणि बाकीच्या होतील तितक्या कमी करायच्या. शाळेतला उंदीर कोणत्या खान्यात बसवायचा? धान्यकोठीत शिरलेल्या उंदराला मारणे आरंभी किंवा विरोधी म्हणता येईल. मैदानाच्या कडेला बीळ करून राहणाऱ्या, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या उंदराच्या बिळात विषाची गोळी टाकणे मात्र संकल्पीच्या फार जवळ जाते.

तरीही या वर्गवारीपेक्षा महत्त्वाची आहे ती उमास्वातींची तत्त्वार्थसूत्रातली व्याख्या. तिच्यात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात, सांगितले आहे. प्रमत्त वृत्तीतून प्राण हिरावले जाणे, ही हिंसा. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात याचा तर्क शेवटापर्यंत नेला: जपून वागणाऱ्याच्या हातून एखादा जीव मेला तरी ती हिंसा ठरत नाही, आणि बेफिकीर माणसाच्या हातून एकही जीव मेला नाही तरी तो हिंसक ठरतो. हा निकष शाळेला लावला तर चित्र एकदम पालटते. दाराखालची फट बुजवलेली नाही, खरकट्याचा डबा उघडा आहे, तांदळाची पोती भिंतीला टेकून जमिनीवर पडली आहेत, गळका नळ महिनोन्‌महिने तसाच आहे. अशा ठिकाणी उंदीर-झुरळांची वस्ती वाढते ती माणसाने घातलेल्या अन्नपाण्यावर. मग एके दिवशी फवारणीवाला येतो आणि हजारो जीव मरतात. जैन निकषाने पाहता हिंसा फवारणीच्या दिवशी सुरू झालेली नाही. ती फट तशीच राहू दिली त्या दिवशी सुरू झाली.

म्हणूनच जैन घरांत ‘जयणा’, म्हणजे जीव जपून वागणे, पाळताना भर असतो तो जीव उत्पन्नच होऊ नयेत यावर. धान्य निवडून-वाळवून ठेवायचे, पाणी गाळायचे, शिळे-उष्टे रात्रभर ठेवायचे नाही, ओल राहू द्यायची नाही. साधूंच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध वागण्याच्या नियमांपैकी, एक तर वस्तू पाहून-पुसून उचलण्या-ठेवण्यापुरतीच आहे. आज कीडनियंत्रणाचे शास्त्र शाळांना जो क्रम सांगते, त्यात आधी तपासणी, मग अन्न-पाणी-आसरा तोडणे, मग जाळ्या-सापळे आणि अगदी शेवटी, तेही गरजेपुरते, रसायन असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1993 मध्ये शाळांसाठी काढलेल्या पुस्तिकेत एकात्मिक कीडनियंत्रणाची हीच दिशा आहे. दोन्हींचा उगम वेगळा, हेतूही वेगळा; एकाला कर्मबंध टाळायचा आहे, दुसऱ्याला विषबाधा. पण केरसुणी, झाकण आणि जाळी यांपाशी दोघे एकत्र येतात.

त्याच परंपरेने दुसरे टोकही गाठले होते. गुजरातेतल्या काही पांजरपोळांत, म्हणजे जनावरांच्या आश्रयस्थानांत, ‘जीवातखाना’ असे. किडलेले धान्य आणि घरांतून झाडून आणलेले किडे तिथे ठेवून जगवले जात. ही करुणा खरी असेल, पण शाळेला ती परवडणारी नाही. वर्गाशेजारी किड्यांची खोली ठेवता येत नाही.

बौद्ध विचाराचा भर चेतनेवर, म्हणजे हेतूवर आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे टीकेत, चक्खुपाल या अंध भिक्षूची गोष्ट येते. चंक्रमण करताना, म्हणजे येरझारा घालताना, त्यांच्या पायांखाली किडे मरतात. इतर भिक्षू तक्रार करतात आणि बुद्ध सांगतात की मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून दोष नाही. मात्र जाणूनबुजून प्राण्याचा जीव घेणे किंवा पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असताना ते वापरणे, याला विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, आपत्ती (नियमभंगाचा दोष) मानले आहे. हा निकष फवारणीला कठोर आणि गलथानपणाला सौम्य पडतो, कारण फवारणीचा हेतू मारणे हाच असतो आणि गळक्या नळामागे कसलाच हेतू नसतो. शाळेपुरते बोलायचे तर प्रमादाचा निकष अधिक उपयोगी आहे. संस्थांच्या हातून घडणारे बहुतेक अनर्थ दुष्ट हेतूने घडत नाहीत.

ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेवर दीर्घ विवेचन केले आहे. अहिंसक पुरुषाचे हळुवार चालणे रंगवण्याआधी ते इतरांच्या मतांतली विसंगती दाखवतात. पाऊस पडावा म्हणून यज्ञात पशू मारायचा, रोगी वाचावा म्हणून वनस्पती मुळासकट उपटायच्या: जीव राखण्यासाठी जीवच घ्यायचा, ही कसली अहिंसा, असा त्यांचा उपरोध आहे. तो उपरोध प्रतिबंधक उपायांनाही चुकत नाही. ‘कोरडा दिवस’ पाळून पिंप रिकामे केले की त्यातल्या अळ्या तडफडून मरतात. टाकीत गप्पी मासे सोडले की मारण्याचे काम माशांकडे जाते, इतकेच. फट बुजवली की आत अडकलेली उंदराची पिल्ले उपाशी मरू शकतात. प्रतिबंधाने हिंसा शून्यावर येत नाही. ती फार कमी होते आणि विषाशिवाय होते. यापेक्षा मोठा दावा करणे बरोबर नाही.

गांधीजींपुढे हा प्रश्न व्यवहारात उभा राहिला. 1926 मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने पिसाळण्याच्या भीतीने सुमारे साठ भटकी कुत्री मारवली. गांधीजींनी त्याला दोष दिला नाही, म्हणून त्यांच्यावर संतप्त पत्रांचा पाऊस पडला आणि ‘यंग इंडिया’त त्यांनी या विषयावर लेखमालाच लिहिली. बेवारस कुत्र्याला तुकडा टाकून पुढे जाणे ही दया नव्हे, ते समाजाच्या बेजबाबदारपणाचे लक्षण आहे. पाळायचे तर नीट पाळा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सेवाग्रामला मात्र साप मारायचा नाही, लाकडी चिमट्याने पकडून लांब सोडायचा, असा शिरस्ता होता आणि ते साधन आश्रमात आजही पाहायला मिळते. या दोन भूमिकांत वरवर दिसणारा विरोध शाळेच्या संदर्भात सुटतो. स्वतःच्या अंगावर धोका घेऊन एखाद्याने विंचवालाही अभय द्यावे. तो त्याचा अधिकार. पण मुख्याध्यापक दुसऱ्यांच्या मुलांचा विश्वस्त असतो. स्वतःच्या व्रताची किंमत त्याला सहा वर्षांच्या मुलाकडून वसूल करता येत नाही.

हाच विश्वस्तपणाचा मुद्दा विषाच्या बाजूनेही तितकाच कडक आहे. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या धर्मासती गंडामन गावी शाळेतले माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक आढळले. ती फवारणी नव्हती. पण अन्न आणि विष एका छपराखाली आले की काय होऊ शकते, ते तिथे दिसले. मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांचा श्वास मोठा असतो, ती जमिनीजवळ खेळतात, हात तोंडात घालतात, त्यांची मज्जासंस्था अजून घडत असते. धान्यात ठेवायची ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडते, आणि तो माणसालाही मारतो. शाळेच्या कोठीत तिला जागा नसावी. किड्यांविषयीची करुणा आणि मुलांविषयीची काळजी एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत असे सहसा गृहीत धरले जाते. विषाच्या बाबतीत तसे मुळीच नाही.

प्रत्यक्ष उपाय साधे आहेत. उंदराचे पिल्लू सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतून शिरते, तेव्हा दारांना खालून पट्टी आणि मोऱ्यांना जाळी लागते. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. डबा खाण्याची जागा ठरलेली आणि ती त्याच दिवशी धुतलेली. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंपे नुसती रिकामी करून भागत नाही, घासावी लागतात; धूरफवारणीने तर फक्त उडते डास मरतात. झुरळांसाठी फटीत लावायचे जेल हवेत फवारलेल्या औषधापेक्षा बरे. मोठे काम निघालेच तर ते मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत, आणि नंतर वर्ग धुऊन, हवा खेळवून मगच उघडायचे. साप निघाला तर सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवायचे. आग्या मोहोळाखाली धूर करणे हा शाळेत करण्याचा उद्योग नाही. तो भाग मुलांसाठी बंद करून जाणकाराला बोलवावे.

मारावेच लागले तर मारण्याची रीतही प्रश्नाचा भाग आहे. चिकट सापळ्यावर उंदीर तासन्‌तास तडफडतो. रक्त पातळ करणाऱ्या विषाने तो काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो, आणि असा उंदीर खाल्लेले गव्हाणी घुबडही मरू शकते. म्हणजे उंदीर खाणाराच कमी होतो. पिंजऱ्यात पकडून शेजारच्या शेतात सोडणे दिसायला दयाळू, पण त्यात उपद्रव दुसऱ्याच्या अंगणात ढकललेला असतो. झटकन मारणारा सापळा पाहवत नाही, तरी या चारांत कमी क्रूर तोच. कायद्याच्या दृष्टीनेही उंदीर वगळलेला नाही: 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ या व्याख्येत माणसाखेरीज प्रत्येक सजीव येतो.

शेवटचा प्रश्न धनीपणाचा. जैन ग्रंथांत आणि पतंजलींच्या योगसूत्रांतही कर्म तीन प्रकारांनी लागते असे मानले आहे: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवून घेतलेले आणि संमती दिलेले. शाळेत हे तिन्ही वेगवेगळ्या माणसांत विभागलेले असतात. मारतो शिपाई किंवा कंत्राटदाराचा मजूर, मारवतो मुख्याध्यापक आणि ठरावाला अनुमोदन देते शाळा व्यवस्थापन समिती. तरीही उंदीर उचलून टाकण्याचा किळसवाणा भाग नेहमी सर्वांत खालच्या पगारावरच्या माणसाच्या, कधी कधी तर मुलांच्या वाट्याला येतो. आणि ते काम कोणी करायचे यामागे जातीचा जुना हिशेबही असतो. करवणारा आणि अनुमोदन देणारा तितकाच धनी असेल, तर कोणते औषध, कोणत्या खोलीत, कोणत्या तारखेला मारले याची नोंद समितीच्या वहीत असायला हवी. पालकांना ते आधी कळायला हवे, आणि फवारणाऱ्या मजुराच्या हातात हातमोजे व तोंडावर मास्क आहे की नाही हे सही करणाऱ्यानेच पाहायला हवे.