ग्रामसभेची सम्यक वाचा

वरवट बकालसारख्या गावच्या ग्रामसभेने देशाच्या सुरक्षेच्या कायद्याविरुद्ध बोलावे काय? डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीलाच, यूएपीएखाली कैद झाले. खटला सुरू होण्याआधीच अडीच वर्षे तुरुंगात गेली. अमेरिकेत २००१ च्या पॅट्रियट कायद्याविरुद्ध शेकडो गावा-शहरांनी ठराव केले. ठरावाने कायदा रद्द होत नाही, पण माणसाची भीती मोडते.

मात्र बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत खेड्याला संकुचितपणाचे डबके म्हटले होते. बहिष्कार घालणारे गाव कुणाच्या स्वातंत्र्याचे रक्षण करणार? म्हणून ग्रामसभेला जा, आयाबहिणींना पुढे बसवा, विरोधकालाही बोलू द्या. गुन्हा सिद्ध होण्याआधी शिक्षा नको, हा नियम आधी गावात पाळा, मग दिल्लीला सांगा. जयभीम!