अठरावं वर्ष

बालगृहातल्या अनेक मुलामुलींना अठरावा वाढदिवस नकोसा वाटतो, कारण त्यानंतर तिथला मुक्काम संपतो. 2015च्या बाल न्याय कायद्यात 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. महाराष्ट्रात 2018पासून अनाथांना सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षणही आहे. पण भाड्याची खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘वडील काय करतात?’

‘सलाम बॉम्बे’ चित्रपटाच्या मिळकतीतून 1988मध्ये उभ्या राहिलेल्या सलाम बालक ट्रस्टने दिल्लीत अशा निराधार मुलांसाठी निराळी वाट काढली. कधीकाळी रस्त्यावर राहिलेली मुलंच तिथे पाहुण्यांना पहाडगंजच्या गल्ल्या हिंडवतात, चार लोकांत बोलायला शिकतात, कमावतात. उघड्यावर काढलेल्या दिवसांची माहिती त्यांना रोजगार देते, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्याकडे खोली रिकामी असेल, तर ओळखपत्र आणि भाडेकरार पुरेसा मानून अशा एखाद्या मुलाला ती द्या.