एका शिवारात अनेक सातबारे

सामूहिक शेतीत चार गोष्टी एकत्र आणता येतात: जमिनीची मालकी, कसण्याचे श्रम, पीक-पाण्याचा निर्णय आणि घरात येणारा माल. क्रांती झालेल्या देशांनी या चारही एकदम एकत्र करून पाहिल्या. सोव्हिएत रशियात १९२९ पासून सक्तीने कोलखोज उभे राहिले. चीनमध्ये १९५८ साली जनकम्यून आले आणि काही काळ चूलसुद्धा सार्वजनिक झाली. खानदेशात अशी क्रांती झाली नाही. एकत्र कसण्याचा विचार मात्र इथे जुना आहे. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या माणसांनी या चारांपैकी कधी एक, कधी दोन गोष्टी एकत्र केल्या. त्यातले काय टिकले आणि काय कागदावर राहिले, हे पाहिले की विचाराचा प्रवास कळतो.

सर्वांत जुना प्रयोग कुणी विचार म्हणून मांडलेलाच नव्हता. पांझरा, कान, बुराई या धुळे जिल्ह्यातील नद्यांवर आणि शेजारच्या बागलाणात मोसम, आराम यांवर काही शतकांपूर्वी दगडी बंधारे बांधले गेले. त्यांच्या पाण्यावर जी शेती उभी राहिली ती फड पद्धत. एका बंधाऱ्याखाली भिजणारे सगळे क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे साधारण तीन-चार फड पाडलेले असत. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, तर त्या फडात रब्बी. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. बहुतेक शेतकऱ्यांचे पट्टे प्रत्येक फडात असत, त्यामुळे उसाचा पैसा एकालाच आणि कोरडवाहूचे नुकसान दुसऱ्यालाच, असे होत नसे. नदीला पाणी कमी असेल त्या साली एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला येई.

फडात पट्टा ज्याचा त्याचा होता. तो बापाकडून मुलाकडे जाई, भाऊबंदकीत त्याचे तुकडेही पडत. पण त्या पट्ट्यात काय पेरायचे हे मालक एकटा ठरवू शकत नसे. पाण्याची वेळही त्याच्या हातात नव्हती. पाटाची देखभाल पाटकऱ्याकडे, चारीतून शेतोशेत पाणी फिरवण्याचे काम बारेकऱ्याकडे, सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. पिकाची राखण जागल्या करी. सबंध फडाला एक राखण पुरे. शेतागणिक कुंपण घालायची गरज नव्हती. या माणसांचा मोबदला पिकातूनच मिळे. पाटातला गाळ काढायची वेळ आली की ज्याचे जेवढे रान तेवढे त्याचे श्रम. शेताच्या मालकाने स्वतः दारे धरून आधी आपले भिजवून घ्यायचे, याला इथे जागाच नव्हती. निर्णय सामायिक आणि मालकी खासगी, असा हा मेळ होता.

त्याची मर्यादाही तिथेच दिसते. फडाच्या बैठकीत बसायला पट्टा लागे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला फडात मजुरी होती, मत नव्हते. पुढे सामूहिक शेतीची चर्चा करणाऱ्यांनी फडाचा गौरव केला तेव्हा ही बाजू बहुतेक वेळा सुटली.

इंग्रजी अमलात रयतवारीची मोजणी आली. शेत मोजायचे, प्रत लावायची, आकार ठरवायचा आणि तो एका माणसाच्या नावे चढवायचा, ही तिची रीत. १८५२ साली या मोजणीविरुद्ध खानदेशात मोठा उठाव झाला; एरंडोल, सावदा, फैजपूर ही त्याची ठाणी. सारा वाढेल, ही लोकांची भीती होती. त्यात सामूहिकतेचा झेंडा शोधणे म्हणजे नंतरचा विचार आधीच्या माणसांच्या तोंडी घालणे होय. पण मोजणीने एक गोष्ट पक्की केली. सरकारला शेतकरी दिसू लागला तो एकटा, आपल्या सर्व्हे नंबरासकट. पुढच्या प्रत्येक सामूहिक कल्पनेला या कागदाशी झगडावे लागले.

त्याच फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेडेगावात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात खंड आणि सारा कमी करणे, कर्जाचा बोजा हलका करणे यांच्या जोडीला सहकारी शेतीचा प्रयत्न करावा, असेही कलम होते. फडाच्या मुलखापासून फार दूर नसलेल्या मांडवात सहकारी शेती ठरावात शिरली, पण ती फडातून आलेली नव्हती. तिच्यामागे रशियाची वाचलेली वर्णने होती आणि समाजवादी मंडळींचा उत्साह होता.

दुसरा धागा धुळ्याच्या तुरुंगातून निघतो. १९३२ च्या फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तेव्हा विषय जमिनीचा नव्हता. पण १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले, आणि पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशातील मंगरोठ गावाने सगळी जमीन दिली, तेव्हा गीतेतल्या निष्काम कर्माला सातबाऱ्याचे रूप आले. भूदानात माणूस जमिनीचा तुकडा देतो. ग्रामदानात गाव मालकीच देऊन टाकते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातील अनेक आदिवासी गावांनी १९५० च्या दशकात ग्रामदान केले. त्यात त्यागाइतकाच सवयीचाही भाग होता. जिथे सातबारा नीट पोचलेलाच नव्हता, तिथे मालकी सोडणे फारसे जड गेले नाही. तापीकाठच्या काळ्या कसदार गावांत ग्रामदान रुजले नाही, त्याचेही कारण यातच आहे.

विनोबांनाही हे उमगले असावे. नंतरच्या ‘सुलभ ग्रामदाना’त मालकी ग्रामसभेची, विसावा हिस्सा भूमिहीनांना आणि उरलेली जमीन कसायला पूर्वीच्याच शेतकऱ्याकडे, अशी तडजोड आली. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा. कम्यूनच्या दिशेने निघालेली कल्पना नकळत फडाच्या जवळ सरकली.

दिल्लीत मात्र उलट्या दिशेचे वारे होते. १९५६ मध्ये चीनमधील शेती सहकारी संस्था पाहायला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विदर्भाच्या रा. कृ. पाटलांकडे होते. आयसीएसची नोकरी सोडून आलेला, ग्रामसेवेत मुरलेला हा माणूस. शिष्टमंडळाच्या बहुमताने संयुक्त सहकारी शेतीची शिफारस केली. दोन सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. चिनी शेतकरी खरोखर खुशीने एकत्र आला आहे का, याविषयी त्यांना शंका होती, आणि पुढे तीच खरी ठरली. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. चरणसिंगांनी तिथेच विरोध केला, आणि त्याच वर्षी राजाजींचा स्वतंत्र पक्ष निघाला. ठरावाचे प्रत्यक्षात काय झाले? संस्था पुष्कळ नोंदवल्या गेल्या. त्यांपैकी कित्येक एकाच घरातल्या माणसांच्या होत्या. अनुदान मिळावे आणि कमाल धारणेच्या कायद्यातून जमीन वाचावी, यासाठी. अपवाद थोडे. मिरज तालुक्यातील म्हैसाळला मधुकर देवल यांनी दलित कुटुंबांच्या गहाण पडलेल्या जमिनी सोडवून उभी केलेली संयुक्त शेती हा त्यातला ठळक. तिथे एकत्र येण्याला कारण होते: एकट्याने सावकाराच्या हातून सुटणे शक्य नव्हते.

शहाद्यात १९७० नंतर जे घडले त्याने चर्चेचा रोखच बदलला. खानदेशात सालदार आखाजीला ठरतो. अक्षय्य तृतीयेला बोली व्हायची, उचल घ्यायची आणि पुढचे वर्षभर मालकाच्या रानात राबायचे. शहादा-तळोद्यात हे सालदार बहुतेक भिल्ल होते. अनेकांच्या बापजाद्यांची जमीन कर्जापायी याच मालकांकडे गेलेली. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्य मागणाऱ्या आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि सर्वोदयी कार्यकर्ते यांनी लोकांना संघटित केले, शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. डाव्या विचारांचे शहरी तरुणही तिच्यात आले. क्रांतीची भाषा इथे होती, पण मागणी कम्यूनची नव्हती. गेलेली जमीन परत द्या, सालदाराला रास्त मजुरी द्या, एवढे साधे मागणे. ज्याला कधी स्वतःचे शेत मिळाले नाही त्याला ते सामायिक करायला सांगणे, हा पोट भरलेल्यांचा विचार आहे, हे शहाद्याने दाखवून दिले. अनुसूचित जमातींची गेलेली जमीन परत देणारा राज्याचा १९७४ चा कायदा याच काळातला.

नेवाडांचा, म्हणजे जंगल साफ करून कसलेल्या शेतांचा, लढा शहाद्याच्याच चळवळीच्या पोटातून पुढे गेला. कॉम्रेड शरद पाटील यांचे धुळे हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र. २००६ च्या वनहक्क कायद्याने नेवाडधारकाला चार हेक्टरपर्यंत वैयक्तिक हक्क दिला, आणि त्याच कायद्यात ग्रामसभेला सामूहिक वनहक्कही दिला. शेत घराचे, रान गावाचे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. २०१३ मध्ये त्या गावाने ग्रामदानाचाही निर्णय घेतला. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने कायद्याची वाट पाहिली नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने कुऱ्हाडबंदीचे नियम केले, दंड ठरवला आणि चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले. विहिरींना पाणी आले, भात पिकू लागला, दरवर्षी वनभाज्यांचा महोत्सव भरू लागला. गावचे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याची शेते आजही घरोघरची आहेत.

मैदानी खानदेशात गोष्ट वेगळी घडली. विहिरीवर मोटर बसली, नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, आणि शेजाऱ्यावाचून पाणी मिळू लागताच फडाची गरज संपली. शहरालगत तर शेतच उरले नाही: जळगावला लागून असलेले पिंप्राळा आता महापालिकेच्या हद्दीतील उपनगर आहे. तिथे गट नंबरांचे प्लॉट झाले आणि प्लॉटला कुंपण आधी पडते. आषाढी एकादशीचा रथ तेवढा अजून सगळे मिळून ओढतात. साक्रीकडच्या काही बंधाऱ्यांवर पाणी अजूनही फडाने फिरते, पण पूर्वीसारखी पिकांची पाळी पाळणे अवघड झाले आहे.

२०१७ मध्ये राज्य सरकारने गटशेतीला प्रोत्साहन देणारी योजना आणली. किमान वीस शेतकरी आणि शंभर एकर सलग किंवा जवळपासचे क्षेत्र, ही तिची अट. खरेदी एकत्र, अवजारे एकत्र, विक्री एकत्र. सातबारा मात्र प्रत्येकाचा वेगळाच राहतो.