दूध तोडण्याची वेळ

शास्त्रपाठ : १ शमुवेल १ : २१-२८

पवित्र शास्त्रांत राजांच्या लढाया पुष्कळ आहेत. पण आईनें आपल्या लेंकराचें दूध केव्हां तोडावें हा घरगुती प्रश्नही त्यांत आला आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. एलकाना सालाबादप्रमाणें यज्ञासाठीं शिलो येथें निघाला. हन्ना गेली नाहीं. शमुवेलाचें दूध तुटल्यावर त्याला घेऊन येईन, असें तिनें नवऱ्यास कळविलें. घराण्याची रीत, चार माणसांचें बोलणें, यांतील एकही गोष्ट एलकानानें पुढें केली नाहीं. निर्णय त्यानें तिच्यावर सोंपविला.

हन्नेच्या शिरावर नवस होता, हें विसरूं नये. तें मूल तिनें रडून मागून घेतलें होतें आणि देवाला देऊं केलें होतें. तरी नवस फेडण्याच्या घाईनें तिनें लेंकराचा वांटा कापला नाहीं, आणि देवानेंही तो उशीर तिच्या पदरीं दोष म्हणून बांधला नाहीं. शमुवेल तेव्हां किती वर्षांचा होता हें शास्त्र सांगत नाहीं. मात्र मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकांत (आपल्या मंडळ्या तें प्रमाणग्रंथांत धरीत नाहींत, पण यहूदी लोकांची चालरीत त्यावरून कळते) एक आई आपल्या मुलास तीन वर्षें पाजल्याची आठवण देते.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. मूल वर्षाचें झालें न झालें तोंच सासूबाई म्हणतात, "पुरे आतां, पोर तोंडाळ होईल." शेजारीण कडुनिंबाचा पाला वाटून आणून देते. दूध तोडण्यास तोच दिवस कां निवडला असें विचारलें, तर निंदणी सुरू झाली, एवढेंच उत्तर मिळतें. पावसाळ्यांत पाणी गढूळ, घरोघरीं हगवण. अशा वेळीं लेंकराचें दूध एकाएकीं तोडणें म्हणजे त्याच्या अंगावरचें पांघरूण ओढून घेणें होय. डॉक्टर लोक सांगतात कीं, पहिले सहा महिने केवळ आईचें दूध द्यावें. मग पेज, वरणांत कुसकरलेली भाकर, मऊ भात, अंडें असें सुरू करून दोन वर्षांपर्यंत, आणि आईमुलास रुचेल तर त्यापुढेंही, अंगावर पाजावें. दुसऱ्या वर्षांतही लेंकराच्या शक्तीचा सुमारें तिसरा हिस्सा आईच्या दुधांतून येतो. पुन्हां दिवस गेले म्हणजे दूध नासतें, ही समजूत खरी नाहीं. आईची प्रकृति नाजूक असेल, अगर पूर्वीं अकालीं प्रसूति झाली असेल, तर दवाखान्यांत विचारून ठरवावें. आणि तिला लवकर सोडवावें लागलें तर कोणीं तिला नांवें ठेवूं नयेत.

पण आम्हांस जें विशेष बोलावयाचें तें निराळेंच आहे. मुलगी असली म्हणजे तिचें दूध लवकर तुटतें. पुढचें मूल लवकर व्हावें आणि तें मुलगा असावें, ही त्यामागची इच्छा. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत भारतांतील मुलींना मुलांपेक्षां कमी काळ पाजलें जातें असें दिसून आलें. ख्रिस्ती घरांत असें होत नाहीं, असें म्हणावयास आम्ही धजत नाहीं. बाप्तिस्म्याचें पाणी मुलीस निराळें नसतें. मग आईचें दूध तिला कमी कां? ज्या बापानें मुलीस हातांवर घेऊन मंडळीसमोर वचन दिलें, त्यानें घरीं जाऊन हा प्रश्न स्वतःस विचारावा. उपदेशकांनींही घरभेटींत तो विचारण्यास संकोच करूं नये. आणि उपदेशकाच्या पत्नीस तर तो सासूबाईंच्या चुलीपाशीं बसून विचारतां येतो. तेथें तो अधिक चालतो.

इसहाकाचें दूध तुटलें त्या दिवशीं अब्राहामानें मोठी मेजवानी केली. त्या घरीं तो दिवस आनंदाचा होता. आपल्याकडे मात्र त्या दिवशीं लेंकराच्या तोंडांत कडू जातें, आणि आई एकाएकीं अशी कां झाली हें त्याला उमगत नाहीं. हळूहळू, एकेक वेळचें पाजणें कमी करीत सोडविलें, तर कडुनिंबाची गरज पडत नाहीं. एकशें एकतिसाव्या स्तोत्रांत दाविदानें आपल्या शांत जिवाला दूध तोडलेल्या बाळाची उपमा दिली आहे. तें बाळ कोठें आहे, हें पाहा. तें आईपाशींच आहे. दूध तुटलें, मांडी तुटली नाहीं. तें आतां दुधासाठीं धडपडत नाहीं. आई आहे एवढ्यानें त्याचें मन निवतें. नवीन विश्वासणाऱ्यांस कांहीं काळानें प्रार्थनेंतली पहिली गोडी पूर्वीसारखी लागत नाहीं, आणि देवानें आपणांस टाकलें असें त्यांस वाटतें. त्यांनीं हें स्तोत्र सावकाश वाचावें. तें तीनच ओव्यांचें आहे.

हन्नेनें शेवटीं शमुवेलास शिलो येथें नेऊन एलीच्या स्वाधीन केलें. त्यानंतरही ती दरसाल एक लहानसा झगा शिवून, यज्ञाच्या वेळीं त्याच्याकडे घेऊन जात असे.