जटायूचे दान



दानाचे निरूपण करू लागलो की आम्हां कीर्तनकारांची गाडी हटकून दधीचीवर येते. ऋषीने अस्थी दिल्या, त्यांचे वज्र झाले, वृत्र पडला, देव सुटले. श्रोते टाळी देतात आणि घरी जाताना एक चुकीचा हिशेब मनात घेऊन जातात, की दिले म्हणजे फळ दिसलेच पाहिजे. हा हिशेब आम्हीच एका मुलाच्या पदरी बांधला, त्याची ही हकिगत.

सन २०२० मध्ये करोनाच्या साथीपायी पायी वारी राहिली. माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुका एस.टी. बसने पंढरीस गेल्या. १ जुलैची ती आषाढी दिंड्यांवाचून गेली. त्याच महिन्यात आमच्या मागे टाळ धरणारा एक तरुण त्या दुखण्यातून उठला, आणि ऑगस्टअखेर त्याला रक्तपेढीतून निरोप आला, प्लाझ्मा द्याल का?

प्लाझ्मा म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणारा फिकट पिवळा द्रव. निम्म्याहून अधिक रक्त तोच असतो. आजारातून उठलेल्याच्या प्लाझ्म्यात त्या विषाणूशी झुंजणारी प्रतिद्रव्ये तयार असतात. ती दुसऱ्या आजाऱ्यास दिली तर तो सावरेल, अशी आशा होती. कल्पना आजची नव्हे. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वाताच्या बाबतीत ही वाट दाखविली होती. यंत्र रक्त ओढते, प्लाझ्मा वेगळा करते आणि तांबड्या पेशी दात्याच्या अंगात परत सोडते. गंमत अशी की रक्तगटाचा न्याय येथे उलटा. तांबड्या पेशी देताना 'ओ' गट सर्वांच्या उपयोगी; प्लाझ्मा देताना 'एबी'. आमचा पोरगा नेमका एबी गटाचा.

तो सुईला भ्यायला होता. आम्ही फोनवर म्हणालो, "जा बाळा, तुझ्या दानानं तो जीव नक्की वाचेल." तो गेला, देऊन आला. ज्यांच्यासाठी मागणी होती ते गृहस्थ पाचव्या दिवशी वारले. मुलाने विचारले, "महाराज, माझं वाया गेलं का हो?"

आमची वाचा बसली. ते 'नक्की' आम्हांस कोणी सांगितले होते? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे आहेत: द्यायचे म्हणून द्यावे, परतफेड न करू शकणाऱ्यास द्यावे, देश, काळ, पात्र पाहावे. फळावर डोळा ठेवून दिलेल्यास तेथे राजस म्हटले आहे. इतकी वर्षे पाठ केले, आणि वेळ आली तेव्हा पोराला राजस दानच शिकविले!

पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीचा निकाल आला. ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ती झाली होती. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांचा आजार बळावला अथवा ते दगावले. न मिळालेल्यांत हेच प्रमाण १८ टक्के. म्हणजे फरक पडला नाही. मे २०२१ मध्ये करोनाच्या उपचारांच्या सरकारी सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला. हे मान्य करण्यात कमीपणा कसला? उपयोग नाही असे कळल्यावरही, दान आहे म्हणून हट्ट धरणे हे पात्र न पाहणेच झाले.

मग मुलापाशी बसलो आणि दधीची बाजूला ठेवून जटायू सांगितला. म्हातारा पक्षी, पंख छाटले गेले, सीता काही सुटली नाही. पण रावण तिला दक्षिणेकडे घेऊन गेला, हे श्रीरामाला त्यानेच सांगितले. देवाने त्याला आप्ताप्रमाणे अग्नी दिला. सीता का नाही सोडविलीस, असे विचारले नाही. त्या चाचणीसाठी ज्यांनी प्लाझ्मा दिला, त्यांच्यामुळेच ही वाट पुढे जात नाही हे वैद्यांस कळले. मुलगा काही बोलला नाही. त्याचे समाधान झाले असे आम्ही लिहीत नाही.

एवढे मात्र पाहिले की हल्ली तो तीन-चार महिन्यांनी रक्त देऊन येतो. परवा दंडाला चिकटपट्टी लावूनच कीर्तनाला आला. आम्ही विचारले, "कुणाला गेलं रे?"

म्हणाला, "ठाऊक नाही महाराज. टाळ कुठं ठेवलेत?"