उपयोगाचा नाही

दोस्तहो, आधी प्रश्न टाकतो, मग माझा गुन्हा सांगतो. ज्याचं शरीर पाळीचे आठ तास ओढत नाही, त्या माणसाला काम मागायचा हक्क आहे का?

मी सूतगिरणीत कार्डिंगला आहे. माझ्या शेजारच्या मशीनवर एक मामा होते. आयुष्यभर कापसाची धूळ ओढलेली. आधी सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीलाच छाती आवळायची. मग रोजच. डॉक्टरी भाषेत याला बिसिनोसिस म्हणतात. भरपाईच्या कायद्यात, धंद्यातून होणाऱ्या रोगांच्या यादीत त्याचं नाव आहे. पण मामांच्या कागदावर लिहिलं 'दमा'. दमा म्हंजे ज्याचा त्याचा! मालक मोकळा.

मामा खाली बसले की त्यांचे कॅन मला बदलावे लागायचे. एका रात्रपाळीत मी मुकादमाला बोललो, "हा म्हातारा आता उपयोगाचा नाही." पंधरा दिवसांत मामा गेटबाहेर. तोंड माझं होतं, वाक्य मालकाचं.

हे माप आपल्या माणसांना नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखातं आपल्याला बंद होतं. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. विणकाम बंद म्हंजे चांगला पगार बंद. उरली कताईची बाजू. कापूस फोडतात, पिंजतात तिथं धूळ सगळ्यांत जास्त. आधी जातीनं खातं ठरवलं, मग खात्यानं फुप्फुस खाल्लं, आणि शेवटी फुप्फुस बघून माणूस काढला.

कायदा काय म्हणतो? विमा योजनेत साध्या आजाराला वर्षाला ९१ दिवस भत्ता. ठेकेदारानं नावच भरलं नसेल तर हेलपाटे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगार कपातीची व्याख्या घातली. त्यात लिहिलं की सततच्या आजारपणापायी काढलेला माणूस कपातीत धरायचा नाही. म्हंजे २०२५ पर्यंत चाललेल्या त्या कायद्यात त्याला कपातीची भरपाई नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं नोकरीत असताना दिव्यांग झालेल्याला काढायला बंदी केली, पण ती सरकारी आस्थापनेपुरती. खासगी गिरणीच्या गेटपाशी ती थांबते. आणि त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत छातीचा रोग नाहीच. संविधानाच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आहे, आजारपणात सरकारी मदतही आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही.

आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, अशांना पेन्शन द्या, काम कशाला? पेन्शन पाहिजेच. भाकरी ही कामाची बक्षिसी नव्हे, ती जिवंत माणसाचा हक्क आहे. पण मामा अजून सूत जोखू शकत होते, बसून हिशेब ठेवू शकत होते. त्यांना घरी बसवून नुसती भाकरी टाकली, तर आपणही त्यांना माणसांतनं उठवलंच. शरीर झेपेल तेवढं काम, आणि पोट भरेल एवढा पैसा, दोन्ही पाहिजे. दोघांतला फरक ज्यानं फुप्फुस वापरलं त्यानं भरावा.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडला होता. बुद्धानं बाकीच्यांना विचारलं, याची सेवा का करत नाही? तर उत्तर आलं की हा आमच्या काही कामाचा नाही. माझंच वाक्य! त्याला बुद्धानं आधीच आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतलं होतं. मग संघाला सांगितलं की तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांना बघायचं. दीक्षा घेतलेल्या घरात मी वाढलो, आणि उभा राहिलो त्या भिक्खूंच्या रांगेत.

परवा मामांकडं गेलो. ते खाटेवर बसून होते. म्हणाले, "माझ्या मशीनवर कोण हाय आता?"

म्हणालो, "मीच. दोन्ही बघतो."

"नाकाला फडकं बांध," म्हणाले.

म्हणून सांगतो. आपल्या पुढच्या मागणीपत्रात पहिली ओळ ही घाला: धुळीच्या प्रत्येक खात्यात छातीची तपासणी, कागदावर रोगाचं खरं नाव, आणि गेटच्या आत बसून करायचं काम. ठेक्यावरच्यालासुद्धा. आणि पाळीवर कुणी खाली बसला, तर त्याचे कॅन आपण बदलायचे. तोंड बंद ठेवून.

जयभीम.