त्या २६७ जणांचं देणं

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीत गुठळी अडकली की मिनिटाला अंदाजे १९ लाख चेतापेशी मरतात. यावर एक उपाय आहे. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची, तारेची जाळी गुठळीत उघडायची आणि गुठळीसकट ओढून काढायची. तुंबलेला पाइप मोकळा करावा तसंच. मग यात सिद्ध काय करायचं? आपल्या माणसाचं तोंड वाकडं झालंय, शब्द फुटत नाही, आणि जाळी समोर आहे. वापरा की!

नेदरलँड्समधल्या १६ रुग्णालयांनी तसं केलं नाही. 'मिस्टर क्लीन' या चाचणीत त्यांनी ५०० रुग्णांसाठी चक्क संगणकावर चिठ्ठी टाकली. २३३ जणांच्या वाट्याला नेहमीच्या उपचारांसोबत गुठळी काढणं आलं, २६७ जणांना फक्त नेहमीचे उपचार. जानेवारी २०१५मध्ये निकाल छापून आला. तीन महिन्यांनंतर स्वतःचं स्वतः करू शकणारे पहिल्या गटात शंभरात ३३ होते, दुसऱ्यात १९.

आता साधा हिशेब करा. सगळ्यांनाच तो उपचार मिळाला असता, तर त्या २६७ मधले साधारण ३६ जण आणखी आपल्या पायावर उभे राहिले असते. ते ३६ कोण, हे कुणालाच सांगता येणार नाही.

हा अन्याय झाला का? रुग्णांनी किंवा नातेवाइकांनी लेखी संमती दिली होती, हे खरं. पण अशा घाईत दिलेली संमती कितपत मोकळी असते? मला नुसत्या सहीचा आधार पुरेसा वाटत नाही.

खरा आधार वेगळा आहे. गुठळी काढायचं पहिलं, बूच काढायच्या स्क्रूसारखं उपकरण अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं. त्याने गुठळ्या निघत होत्या. तरी २०१३ मध्ये तीन चाचण्यांचे निकाल आले, आणि अशा उपचारांनी रुग्णांचा जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. गुठळी निघणं वेगळं, माणूस सावरणं वेगळं. ओढताना तुकडा सुटून दुसऱ्या वाहिनीत अडकू शकतो. म्हणजे जुन्या विश्वासावर विसंबलो असतो तरी चुकलो असतो, आणि २०१३ च्या निराशेवर विसंबून जाळी टाकून दिली असती तरीही. खरोखर माहीत नसताना चिठ्ठी टाकणं हाच प्रामाणिकपणा होता.

पण उत्तर कळल्यावर ती मुभा संपते. मिस्टर क्लीननंतर अशाच इतर चाचण्या मुदतीआधी थांबवल्या गेल्या, ते योग्यच झालं.

तरीही एक चिठ्ठी अजून रोज टाकली जाते. झटका आला तेव्हा माणूस कुठल्या गावात होता, हा उपचार करणारं रुग्णालय किती तासांवर होतं, खिशात किती पैसे होते, यावर जाळी मिळणार की नाही ते ठरतं. या चिठ्ठीला कुणी संमती दिलेली नाही, आणि तिच्यातून शिकण्यासारखं नवीन काही उरलेलंही नाही. त्या २६७ जणांचं देणं फेडायचं असेल, तर ही चिठ्ठी बंद करायला हवी.